बूच वर की बरोबरीत? नानांबरोबर इंडियन ओपन

मागच्या मार्चमध्ये मी वडिलांना घेऊन सुरतेहून दिल्लीला गेले, जमिनीतलं एक भोक बघायला. हसा खुशाल. आमच्या ऑफिसातही हसले. मी पलसाण्याच्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये कापडाचे रंग जुळवण्याचं काम करते. सुट्टीच्या अर्जात कारण म्हणून ‘गोल्फ स्पर्धा’ लिहिलेलं वाचून साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “बेन, तमे गोल्फ रमो छो?” म्हटलं, मी कशाला खेळतेय! आमचे नाना होल कापायचे.

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. नाना लग्नानंतर सुरतेला आले ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला, अर्ध्या खानदेशासारखेच. पण लूमच्या खडखडाटानं त्यांचं डोकं उठायचं. एकोणीसशे नव्वद साली हजिऱ्याकडच्या एका कंपनीच्या वसाहतीत माळ्याची जागा निघाली आणि नाना तिथे चिकटले. वसाहतीत साहेब लोकांसाठी गोल्फचं मैदान होतं. वर्षभरातच नानांना ग्रीनवर घेतलं. ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेली हिरवळ, तिच्यात सव्वाचार इंच रुंदीचा होल आणि होलात झेंडा. चेंडू शेवटी जायचा तो त्या होलात.

गंमत अशी की होल कायम एका जागी नसतो. माळी रोज सकाळी एक गोल पात्याचं अवजार जमिनीत दाबून नवा होल कापतो. त्यातून गवत-मातीची उभी गोल वडी निघते. ती वडी नेऊन कालच्या होलात बसवायची, म्हणजे तो बुजतो. नाना त्या वडीला बूच म्हणतात. सत्तावीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि बूच बसवताना ते जमिनीपेक्षा जरासं वर ठेवायचे, फार नाही, जाड पुठ्ठ्याइतकं. का? तर पाणी मारलं की माती बसते. आज बरोबरीत ठेवलं तर उद्या तिथे खळगा पडणार, असं त्यांचं म्हणणं.

मग आठ वर्षांपूर्वी पार्थभाई नावाचे तरुण साहेब मैदानाचे प्रमुख म्हणून आले. ते म्हणाले, बूच बरोबरीत हवं. नाना म्हणाले, खळगा पडतो. साहेब म्हणाले, मला माहीत नाही, मला बरोबरीत पाहिजे. कंपनीच्या वार्षिक स्पर्धेत एका बड्या साहेबांचा सरळ चाललेला चेंडू नानांच्या बुचाला लागून वळला, आणि दुसऱ्या दिवशी नानांना ग्रीनवरून काढून कुंपणाची मेंदी छाटायला लावलं. निवृत्तीपर्यंतची शेवटची दोन वर्षं त्यांनी मेंदीच छाटली.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न. जेवताना, टीव्ही बघताना, पाहुणे आले की त्यांच्यासमोर. “मोठ्या म्याचमां बूच वर ठेवतस का बरोबरीत?” मोबाईलवर दाखवलं तर म्हणायचे, “व्हिडिओमां काय समजस? माले देखानं शे.” आमचे तर कान किटले होते. तो प्रश्न बुचाचा नव्हताच, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आपण सत्तावीस वर्षं बरोबर काम केलं की चुकीचं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगणारं सुरतेत कोणी नव्हतं. शेवटी आईनंच मला सांगितलं, “घेऊन जा यांना एकदाचं. नाहीतर मी ताटात भाकरी वाढायची सोडून बूच वाढेन.”

तर असे आम्ही निघालो.

गाडीत

सुरतेहून दिल्लीसाठी संध्याकाळच्या राजधानीसारखी सोय नाही. जेवण होतं, झोप होते, सकाळी दिल्ली. थर्ड एसीचं भाडं जेवण धरून माणशी अडीच हजारांच्या घरात गेलं, उशिरा काढाल तर आणखी चढतं. गाडीतलं जेवण बरं असतं, पण आईनं मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि नानांसाठी खास बिबडे दिले होते. ज्वारीचे ते पापड बॅगेत वरच ठेवा असं मी दहादा बजावलं होतं. नानांनी ते बुटांखाली ठेवले. भरूच येईपर्यंत त्यांचा चुरा झाला होता, आणि नाना तो चमच्यानं खात होते.

समोरच्या बर्थवर रिंग रोडच्या मार्केटमधले एक साडीवाले शेठ होते. त्यांनी सहज विचारलं, “काका, दिल्ली किस काम से?”

“खड्डा देखने,” नाना म्हणाले.

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी खुलासा केला. त्यानंतर त्या बिचाऱ्या माणसाची सुटका नव्हती, कारण नानांना इंडियन ओपनचा सगळा इतिहास पाठ आहे. मैदानावरच्या कॅडींकडून, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांकडून, ऐकलेला. तुम्हालाही सांगते, कारण जायचं असेल तर हे माहीत असलेलं बरं.

स्पर्धा सुरू झाली १९६४ साली, दिल्लीत. तेव्हा एक ऑस्ट्रेलियन खेळाडू जगात गाजत होता. ब्रिटनची सगळ्यात जुनी ओपन स्पर्धा त्यानं पुन्हा पुन्हा जिंकलेली. इकडे आशियातही मोठी स्पर्धा व्हायला हवी म्हणून त्यानं खटपट केली आणि भारतातली पहिली स्पर्धा स्वतःच जिंकूनही टाकली. दुसऱ्या वर्षी एक भारतीय जिंकला, तोही हौशी, पैशासाठी न खेळणारा. त्यानंतर मात्र पंचवीस वर्षं परदेशीच जिंकत राहिले. ओपन म्हणजे खरं तर सगळ्यांना खुली, पात्र ठरलात तर या आणि खेळा. पण आपल्याकडे गोल्फ हा साहेबांचा खेळ, खुला तो कुणाला?

“फिर इक्यानबे में,” नाना पुढे सरकून बसले, “जो जीता वो कॅडी था. पिशवी उठानेवाला!”

ते खरं आहे. १९९१ साली ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू दिल्लीच्याच मैदानावर कॅडीचं काम करत वाढलेला होता. नाना तेव्हा नवीन होते. हजिऱ्याच्या मैदानावरच्या कॅडींनी त्या दिवशी जिलेबी वाटली होती म्हणे, आणि नानांनाही दिली होती. पुढे असे आणखी काही निघाले. आज ही स्पर्धा युरोपच्या मोठ्या दौऱ्यात मोजली जाते, बाहेरचे नावाजलेले खेळाडू येतात, पण नानांच्या लेखी तिचं मोल त्या जिलेबीत आहे.

शेठ म्हणाले, “वाह काका.” आणि मग चादर डोक्यावरून ओढून घेतली. मी त्यांना दोष देत नाही.

गुरुग्राम

स्पर्धा पूर्वी दिल्ली शहरात व्हायची, अलीकडे गुरुग्रामला होते. दिल्लीला उतरलात की टॅक्सीच्या नादी लागू नका, मेट्रोनं सरळ जाता येतं. पिवळ्या लाईननं सिकंदरपूर, तिथून छोटी रॅपिड मेट्रो, मग थोडी रिक्षा. रिक्षावाल्यानं दीडशे सांगितले, मी सत्तर म्हटलं, नव्वदवर तुटलं. सुरतेची बाई आहे, घासाघीस न करता बसले तर मला घरी घेणार नाहीत.

आम्ही सिकंदरपूरजवळ एका साध्या गेस्ट हाऊसमध्ये खोली घेतली. अठराशे रुपये, स्वच्छ चादरी, गरम पाणी, खिडकी उघडली की समोरच्याचं स्वयंपाकघर. मार्चअखेरचं ऊन आपल्या सुरतेपेक्षा कोरडं असतं, घाम येत नाही म्हणून माणूस फसतो. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. आत जायला आम्ही आधी ऑनलाईन नाव नोंदवलं होतं. नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी तपासून घ्या.

स्पर्धा गुरुवार ते रविवार चार दिवस चालते, रोज अठरा होल. पहिल्या दोन दिवसांनंतर जवळजवळ अर्धे खेळाडू बाद होतात. रविवारी निकाल, म्हणून गर्दी रविवारी. आपल्यासारख्यांनी गुरुवारीच जावं. खेळाडू इतक्या जवळून जातात की त्यांच्या बुटांचे खिळे ऐकू येतात.

गुरुवार

पहिल्या दिवशी आत शिरलो आणि मी खरोखर तोंडात बोट घातलं. चहूकडे काचेच्या उंच इमारती आणि मधे ही एवढी हिरवळ! तळी, वाळूचे खड्डे, डोंगर केल्यासारखे उंचवटे. माणसं कुजबुजत बोलतात. कुणी चेंडू मारायला उभं राहिलं की स्वयंसेवक दोन्ही हात वर करतात आणि सगळे थिजतात, एवढी शांतता की मला माझ्याच पोटातला आवाज ऐकू आला. मग टक्! चेंडू गेला कुठे ते मला एकदाही दिसलं नाही. बाकीचे टाळ्या वाजवायचे, मीही वाजवायचे.

नानांनी मात्र एकाही खेळाडूकडे बघितलं नाही. ते खाली बघत चालले होते. गवत किती बारीक कापलंय, कुठल्या दिशेनं कापलंय, पाण्याची तोंडं कुठे आहेत. एका ग्रीनजवळ दोरीपाशी बसून त्यांनी मला सांगितलं की होलाचं सव्वाचार इंचाचं माप कुणा राजानं किंवा साहेबानं ठरवलं नाही. स्कॉटलंडात एका जुन्या मैदानावर होल कापायचं जे अवजार होतं ते तेवढ्या मापाचं होतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेच सगळीकडे पक्कं झालं. “माळीना हातमां जे व्हतं, तेच नियम बनना,” नाना म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी त्यांचा फोटो काढणार तेवढ्यात एका स्वयंसेवकानं बोट ओठावर ठेवून मला दटावलं.

पण बूच काही दिसेना. दोरी ग्रीनपासून बरीच लांब असते. कालचा होल बुजवलेली जागा म्हणजे हिरव्यात हिरवं. नाना मान वाकडी करून, गुडघ्यावर बसून, कपाळावर हात धरून बघत राहिले. एक ग्रीन, दुसरं, तिसरं, चौथं. ऊन चढलं. मी म्हटलं, चला नाना, तिकडे लिंबू सरबत मिळतंय. मी सरबत आणायला वळले, आणि तिथेच चुकले.

परत आले तर दोरीपाशी नाना नाहीत. ग्रीनवर आहेत! एका गटाचे खेळाडू नुकतेच पुढे गेलेले, मागचा गट अजून लांब, आणि या दोघांच्या मधल्या वेळात आमचे नाना दोरीखालून वाकून आत शिरलेले. चपला दोरीपाशी नीट जोडीनं काढून ठेवलेल्या, कारण ग्रीनवर चपला घालून जायचं नसतं, सत्तावीस वर्षांची सवय. आणि होलापासून चारपाच हातांवर उकिडवे बसून गवतावरून तळहात फिरवतायत, आई बाळाचा ताप बघते तसे.

माझ्या हातातलं सरबत सांडलं. “नाना!” मी ओरडले, आणि अख्ख्या गोल्फ मैदानावर त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

दोन स्वयंसेवक धावले. त्यांच्यातले एक मिशीवाले, सैन्यातून निवृत्त झालेले वाटावेत असे गृहस्थ, नानांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर घेऊन आले. “बाबूजी, ये क्या कर रहे थे आप? इंटरनॅशनल टूर्नामेंट है!”

“देख रहा था,” नाना म्हणाले. “वर है की बरोबर.”

“क्या वर?”

प्रवेशासाठी मनगटावर बांधलेले आमचे दोन्ही पट्टे कापले गेले. आम्हाला कडेच्या एका तंबूत नेऊन बसवलं आणि ग्रीनला काही इजा झाली का बघायला मैदानाच्या मुकादमांना बोलावलं. हरिसिंग त्यांचं नाव. साठीचे, उन्हानं रापलेले, गवती हॅट घातलेले. ते ग्रीन बघून आले आणि नानांच्या समोर उभे राहिले.

“कुछ नहीं हुआ,” ते स्वयंसेवकाला म्हणाले. मग नानांना, “नंगे पाँव गए थे?”

नानांनी मान हलवली.

“माली हो?”

“था,” नाना म्हणाले. “सत्ताईस साल होल काटा.”

मग त्यांनी आपल्या त्या सुरती-खानदेशी हिंदीत सगळं सांगितलं, मेंदीपर्यंत. हरिसिंग ऐकत होते. त्या तंबूत मला प्रचंड लाज वाटत होती आणि त्याच वेळी नानांना कुणी काही बोललं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. शेवटी हरिसिंग म्हणाले, नियम म्हणजे नियम, आज तुम्हाला बाहेर जावं लागेल. पण उद्या सकाळी साडेपाचला मागच्या, कामगारांच्या फाटकावर या. मी साहेबांना विचारून ठेवतो. होल कापताना बघा आणि हाताला लावून बघा.

बाहेर आल्यावर मी नानांना खूप बोलले. काय वय झालंय, काय हे पोरखेळ, पोलिसात दिलं असतं तर आईला काय सांगितलं असतं. आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात छोले-भटुरे घेतले, साठ रुपयांना मोठी प्लेट, सोबत कांदा आणि लोणचं. अर्धं भटुरं झाल्यावर मी विचारलं, “मग? वर होतं की बरोबरीत?”

“समजनं नही,” नाना म्हणाले. “तेवढामां तू बोंबलनी.”

शुक्रवार

पहाटेच्या गुरुग्रामचं काय सांगू! रस्ते रिकामे, हवेत गारवा, चहाच्या टपरीवर दहा रुपयांत आलं ठेचून घातलेला चहा. रिक्षावाल्यानं मुकाट्यानं नव्वद घेतले. कामगारांच्या फाटकावर हरिसिंग आमच्यासाठी उभे होते. माझा आदल्या दिवसापासूनचा जीव तिथे भांड्यात पडला.

मैदान अजून ओलं होतं. कुठे गवत कापायची यंत्रं चाललेली, कुठे लांब बांबूनं दव झटकत होते. खेळ बघायला येणाऱ्यांना ही वेळ कधीच दिसत नाही, आणि खरं सांगते, दोन दिवसांत मला सगळ्यात आवडली ती हीच. नानांनी फाटकातच चपला काढल्या. हरिसिंग हसले.

नव्या होलाची जागा साहेबांनी आधीच खूण करून ठेवलेली असते. हरिसिंगनी अवजार उभं धरलं, दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. आत जाताना मातीचा एक करकरीत आवाज येतो. मग त्यांनी ते उचललं आणि आत अख्खी वडी, वर गवत आणि खाली माती, सुरीनं कापावी तशी. जुन्या होलाच्या आत बसवलेला डबा आकड्यानं ओढून काढला, नव्यात बसवला. काठाचं एक चुकार पातं कात्रीनं कापलं, आतली कड पांढरी रंगवली. टीव्हीवर होल चमकतो तो या रंगानं.

आता बूच. नाना पुढे सरकून गुडघे टेकून बसले. मला मनापासून वाटत होतं, वर ठेव रे बाबा, जरासं वर ठेव.

हरिसिंगनी वडी लगेच नाही बसवली. आधी त्यांनी जुन्या होलात मूठभर वाळूमिश्रित माती टाकली. लाकडी दांड्यानं ठोकली. थोडं पाणी ओतलं, ते जिरेपर्यंत थांबले. परत मूठभर माती, परत ठोकलं. मग वडी आत ठेवून बघितली, किंचित उंच वाटली तशी काढून तिच्या बुडाची माती सुरीनं चकतीभर खरवडली आणि पुन्हा ठेवली. वरून फळी ठेवून दाबली. फळी काढली.

“लगाइए हाथ,” ते नानांना म्हणाले.

नानांनी तळहात ठेवला. एकदा या बाजूनं फिरवला, एकदा त्या बाजूनं. डोळे मिटले. मग परवा बुजवलेली जागा हरिसिंगनी दाखवली, तिथेही हात फिरवला. दोन दिवस पाणी पिऊनही ती जागा बसलेली नव्हती.

“बरोबरीत शे,” नाना म्हणाले.

एवढ्या लांब आणून मी हेच ऐकवलं त्यांना! मी घाईघाईनं म्हटलं, “नाना, इथली माती वेगळी आहे. आपल्याकडे खाडी जवळ, तिथली माती बसणारच.”

“माती समदीकडे बसस,” नाना म्हणाले. “मी खाले काही भरंच नही. नुसतं बूच टाकी देऊ आनि वर ठेऊ. ती बसशीच, म्हणीसन वर ठेऊ.” मग हरिसिंगना कळावं म्हणून हिंदीत, “मेरा गलत था. खाली भरना था.”

हरिसिंग म्हणाले, “किसी ने बताया नहीं होगा. मुझे भी मेरे उस्ताद ने तीन साल बाद बताया.”

“मेरा कोई उस्ताद नहीं था,” नाना म्हणाले. पुढचे तीन होल ते हरिसिंगांच्या मागे अनवाणी फिरले आणि चौथ्या होलाला हरिसिंगनी न मागता वाळूचं घमेलं त्यांच्या हातात दिलं. मी दूर उभी राहून नाक पुसत होते. थंडी होती, असं समजा.

साडेसातला आम्हाला नवे पट्टे मिळाले, कालच्या त्या मिशीवाल्या स्वयंसेवकानंच बांधले. “बाबूजी, आज रस्सी के इस तरफ,” त्यांनी ताकीद दिली.

आणि त्या दिवशी नानांनी गोल्फ बघितलं! कोण किती मागे, कोणाचा चेंडू पाण्यात गेला, आज कोण बाद होणार, सगळं. शेजारच्या एका बंगाली काकूंना ते पैज लावल्यासारखे अंदाज सांगत होते आणि निम्मे बरोबर येत होते. दुपारी एका ग्रीनवर कुणी परदेशी पोरगेला खेळाडू लांबून चेंडू ढकलायला उभा राहिला. सकाळी हरिसिंगनी बुजवलेली जागा नेमकी त्याच्या वाटेत होती. सगळे थिजले. चेंडू निघाला, त्या जागेवरून सरळ गेला, जराही न डगमगता, आणि होलात पडला. लोकांनी खेळाडूसाठी टाळ्या वाजवल्या. नाना कुणासाठी वाजवत होते ते त्या गर्दीत मला एकटीलाच माहीत होतं.

सुरत

शनिवारी सकाळी सुरत स्टेशनला उतरलो आणि थेट लोचो, म्हणजे डाळीचं वाफवलेलं मऊसर खाणं, खायला गेलो, वर भरपूर शेव आणि तेल. दिल्लीचे छोले-भटुरे एकीकडे आणि गरम लोचो एकीकडे, यात माझा तरी निकाल ठरलेला आहे. दोघांचा सगळा खर्च, गाडी, खोली, खाणं धरून पंधरा-सोळा हजारांत बसला. गोल्फ कळत नसेल तरी जा. फक्त शक्य असेल तर सोबत एखादा असा माणूस न्या, ज्याला खेळापेक्षा जमीन जास्त कळते.

आईला वाटलं होतं नाना उतरलेल्या तोंडानं येतील. तर त्यांनी दारातूनच सांगितलं, “मनं चुकनं व्हतं.” आई बघतच राहिली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं असेल.

रविवारी स्पर्धेचा शेवटचा दिवस. टीव्हीवर कोण जिंकतंय ते मी बघत होते. नानांनी मधेच आवाज बंद करायला लावला आणि मला म्हणाले, पार्थभाईचा नंबर लाव. ते आता बडोद्याकडे कुठेतरी असतात, नंबर जुन्या एका माळ्याकडून मिळाला. मी फोन स्पीकरवर टाकला.

पार्थभाईंना आधी ओळखच पटली नाही. मग पटली, आणि आवाज एकदम सावध झाला. इतक्या वर्षांनी हा माणूस भांडायला फोन करतोय असंच त्यांना वाटलं असणार. नानांनी गुजरातीत, अडखळत, सांगितलं, “साहेब, बूच बराबर ज राखवानुं होय. तमे साचा हता.” म्हणजे बूच बरोबरीतच हवं, तुम्ही खरे होतात. मग दिल्लीची सगळी कथा. खाली माती भरायची, ठोकायची, पाणी जिरवायचं.

मी फोन नानांच्या आणखी जवळ सरकवला.

“काका,” पार्थभाई म्हणाले, “ए तो मनेय खबर नहोती.” म्हणजे हे तर मलाही माहीत नव्हतं. मी नवा होतो, ते म्हणाले, पुस्तकात एवढंच वाचलं होतं की वर दिसता कामा नये. ते बसू नये म्हणून काय करायचं, हे मला येत नव्हतं. तुम्हाला विचारायची लाज वाटायची. तुम्ही वयानं एवढे मोठे, आणि मी साहेब. म्हणून नुसता ओरडायचो. मग त्यांनी हळूच विचारलं, “वाळू किती टाकायची, काका?”

नानांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. मूठ किती, पाणी किती, थांबायचं किती. पार्थभाई मधेमधे थांबायला सांगत होते, लिहून घेत असावेत. वीस मिनिटं चाललं. शेवटी दोघंही हसले आणि फोन ठेवला.

मी नानांना म्हटलं, “बघा. त्यांनी तेव्हा एकदा सरळ विचारलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं.”

नानांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज परत लावला. मग म्हणाले, “इचारी लेतं ना, तरी माले कोठे माहित व्हतं?”